बदामाचं टोक

माझ्या साखरपुड्याची अंगठी निवडायला एकूण अकरा माणसं बीडला आली होती. बारावी मी. मला न्यायचं आधी ठरलंच नव्हतं. बस्ता बांधायला दोन्हीकडची जाणती माणसं जातात, तिथं नवरीचं काय काम, अशी आमच्याकडची रीत आहे, आणि या अंगठीला बस्त्याचाच मान मिळाला होता. पण सराफानं बोटाचं माप मागितलं. नुसतं बोट पाठवता येत नाही, म्हणून मग सोबत मीही गेले.

नवरा मुलगा पप्पू, चौसाळ्याचा. त्याचे चुलते आबासाहेब म्हणजे तिकडचे पुढारी. पप्पू त्यांचीच गाडी चालवतो आणि त्यांचाच शब्दही. आमच्याकडून वडवणीहून आई, मामा आणि माझे वडील, रामकिसनअण्णा. अण्णा त्या दिवशी घरून एकच वाक्य घेऊन निघाले होते, "तुमी म्हणताल तसं." ते त्यांनी गाडीत म्हटलं, चहाला म्हटलं, आणि दुकानात चपला कुठं काढायच्या यावरही म्हटलं. मुलीच्या बापानं नमतं घ्यावं म्हणतात. अण्णा नमून नमून जमिनीला टेकायचे राहिले होते.

माझं मागणं एकच होतं आणि ते मी पप्पूला आठ दिवस आधीच सांगितलं होतं. मी बीडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. दिवसातून कितीदा ग्लोव्हज चढवते त्याची गणती नाही. मला खडा गोल हवा होता, सोन्यात खाली बसवलेला, वरून बोट फिरवलं तर कुठंच न टोचणारा. टोकाच्या खड्यानं ग्लोव्हज फाटतात, आणि मग दुसऱ्याचं रक्त थेट आपल्या हाताला लागतं. ड्युटीवर काढून ठेवीन म्हटलं, तर होणाऱ्या सासूबाईंनी, भिवराबाईंनी, आधीच बजावलं होतं की साखरपुड्याची अंगठी लग्नाआधी बोटातून काढायची न्हाई, अपशकुन असतो. पप्पू फोनवर म्हणाला होता, "तू कावून टेन्शन घेती? मी हाय ना." ते मला फार आवडलं होतं. अक्कल गहाण पडली की असलं काहीही आवडतं.

सराफानं ट्रे मांडला आणि अकरा जणांना एकदम हिऱ्यातलं कळायला लागलं. थेंबाच्या आकाराचा खडा पाहून भिवराबाई म्हणाल्या, "डोळ्यातलं पाणी कशाला बोटात घालायचं?" चौकोनी खडा एका काकांना एनए प्लॉटसारखा दिसला. त्यांचा धंदाच तो. लंबगोल पाहून मामा चिंचोका म्हणाले. मामा आमच्या बाजूचे, तरी शांत बसतील तर शपथ.

गोल खड्याची अंगठी कोपऱ्यात होती. मला हवी तशीच, खाली बसवलेली. मी पप्पूकडं पाहिलं. पप्पूनं खड्याकडं पाहिलं, मग आबासाहेबांकडं, मग मोबाईलकडं. मोबाईलवर काही आलं नव्हतं, मला दिसत होतं.

"गोल तर समद्यांकडंच असतंय," आबासाहेब म्हणाले. "बदाम काढा."

बदाम म्हणजे पत्त्यातला असतो तो आकार. वरून दोन गुबगुबीत गाल आणि खाली सुईसारखं टोक. आबासाहेबांना तो कावून आवडला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. साखरपुड्याचा फ्लेक्स चौसाळ्याच्या फाट्यावर आदल्या दिवशीच लागला होता. त्यात सगळ्यात मोठा फोटो आबासाहेबांचा, खाली आम्ही दोघं आधार कार्डाएवढे, आणि मध्ये छापणाऱ्यानं इंटरनेटवरून उचललेली बदामाची अंगठी.

"आता बदाम न्हाई दिला तर लोक काय म्हणतेल? दाखवलं एक आन् दिलं एक." आजवर इतकी आश्वासनं फ्लेक्सवर छापली, पण दाखवलं ते दिलं पाहिजे ही अट त्यांना पहिल्यांदा माझ्या बोटाच्या वेळी आठवली.

"तुमी म्हणताल तसं," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "पप्पू, तुमी सांगणार होता ना?" पप्पू हसला. "अगं, छानच दिसतंय की ते."

सकाळची ड्युटी संपवून मी दवाखान्याच्या दारातूनच अण्णांच्या गाडीत बसले होते. पर्समध्ये ग्लोव्हजची कोरी जोडी होती. मी बदामाची अंगठी घातली, तिच्यावर ग्लोव्ह चढवला आणि मूठ वळली. टर्र आवाज झाला. टोक रबरातून बाहेर आलं आणि सगळ्यांकडं बघत राहिलं. मी सगळं समजावून सांगितलं, रक्त, सुया, कावीळ, एचआयव्ही. इतकं नीट तर मी नव्या पोरींनाही शिकवत नाही.

आबासाहेबांनी थोडा विचार केला. "मंग ग्लोज जाड घ्यायचे."

आणि पप्पूला वाचा फुटली. आठ दिवस मी ज्याची वाट पाहिली, तो आवाज. माझ्याकडं वळून त्यानं अगदी काळजीनं विचारलं, "जाड मिळतेत का पण?"

मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की याच माणसाच्या भरवशावर मी आठ रात्री निवांत झोपले.

"मिळतेत," मी म्हटलं. "पण मला पातळच लागतेत. म्हाताऱ्या माणसाची शीर डोळ्यानं दिसत न्हाई, बोटानंच हुडकावी लागती." फाटका ग्लोव्ह ओढून अंगठी काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. भिवराबाईंनी तोंडावर पदर धरला. "ह्यो साखरपुडा मला न्हाई करायचा," मी म्हटलं. "अण्णा, चला घरी."

सगळे अण्णांकडं पाहू लागले. अण्णांनी सवयीनं आबासाहेबांकडं पाहिलं, तोंडही उघडलं. मग माझ्या हाताकडं पाहिलं, तो फाटका ग्लोव्ह अजून हातातच होता. त्यांनी तोंड मिटलं, मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि कुणालाही न विचारता चपला शोधायला निघाले.