कानाला लावलेली नळी

अमरसिंहांनी रबरी नळीचं एक टोक कानात खुपसलं, दुसरं बॉनेटखाली सोडलं आणि चालू इंजिनावरचा पहिला व्हॅक्यूम पाइप चिमटीत दाबला. मग नेहमीसारखी मान वर करून मुलीकडं रोखून बघितलं.

"ह्यो न्हाय," ते म्हणाले. दुसरा दाबला. परत तिच्याकडं बघितलं. "ह्योबी न्हाय."

क्रांतीचं डोकं फिरलं. काम इंजिनात आणि डोळे हिच्यावर. शाळा सुटल्यापासून ती या गॅरेजात राबत होती. अख्ख्या उद्यमनगरात तिच्याइतका स्वच्छ कार्बोरेटर कुणी जोडत नव्हतं. तरी अण्णा असे बघायचे, जणू पोरगी आता काहीतरी घोळ घालणार आणि आपण तो पकडणार. पोरगा असता तर बघितलं असतं असं? नसतं बघितलं. आणि कंटाळून तिनं पाठ फिरवली, की लगेच खेकसायचे, "हिकडं तोंड कर!"

आज ती सांगून मोकळी होणार होती. हायवेवरच्या शोरूममधून फोन यायचा होता. नोकरीला येतेस की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. उत्तर तिनं ठरवलं होतं. आधी अण्णांच्या कानावर घालायचं, एवढंच राहिलं होतं.

"मिस्त्री," बाकावरून गणपतराव म्हणाले, "आजारी गाडी हाय का पोरगी? मघाधरनं तिच्याकडंच बघताय."

गणपतराव चंदगडहून जुनी आठशे घेऊन आले होते. गाडी उभी केली की धापा टाकायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. सगळ्यांनी त्यांना कार्बोरेटर बदलायला सांगितलं होतं.

"पावणं, च्या प्या गप," अण्णा म्हणाले.

"पितोय की. पर घाटात बंद पडली न्हवं, तवा बायकू म्हणाली, आता मी गाडीत बसते आन् तुमी ढकलत या चंदगडापतुर."

क्रांतीला हसू आलं, पण ते कुणाला दिसलं नाही. काल दाढ काढलेली, गाल सुजलेला. म्हणून स्कूटीवरून येताना बांधलेला स्कार्फ तिनं सोडलाच नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं, डोळ्यांपुरती फट.

"तोंडावरचं काढ ते," अण्णा म्हणाले. सकाळपासून पाचव्यांदा तरी.

"गाल सुजलाय म्हटलं न्हवं?"

"काढ म्हणतो न्हवं!"

"न्हाय काढणार."

अण्णांनी ओठ आवळले आणि पुढचा पाइप धरला. गाडीचं दुखणं तसं सरळ होतं. इंजिन हवा ओढतं, ती कार्बोरेटरमधूनच जायला हवी. एखाद्या व्हॅक्यूम पाइपला चीर पडली की हवा चोरवाटेनं शिरते, पेट्रोलचा मेळ बिघडतो आणि गाडी उभ्या जागी धडपडते. चीर मोठी असली तर पाइप दाबताच इंजिन शांत होतं, हाताला कळतं. बारीक असली तर हाताला काही कळत नाही. फक्त सूं असा आवाज असतो, आणि बरोबर पाइप दाबला की तो थांबतो. तो ज्याला ऐकू येतो, त्याला चीर सापडते. अण्णांचं नाव याच्यावरच झालं होतं.

मागच्या बाजूचा पाइप त्यांनी दाबला. सूं थांबली.

क्रांतीला दोन हातांवरून साफ ऐकू आलं.

"ह्योबी न्हाय," म्हणत अण्णांनी चिमूट सोडली. सूं परत सुरू झाली.

तिला वाटलं, चुकून झालं असेल. अण्णांनी सगळे पाइप पुन्हा दाबले. मागचा आला, सूं थांबली, आणि ते पुढं गेले. कानात नळी तशीच. कपाळावरून घाम गळत होता.

"कार्बोरेटर खोलाय लागंल, पावणं."

गणपतरावांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला.

"कशाला खोलताय?" क्रांती तडकली. बोलताना काढलेल्या दाढेच्या जागी कळ मारली म्हणून तिनं स्कार्फ ओरबाडून गळ्यात टाकला. "आणि एकदा बघा की."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. एक पाइप दाबला. दुसरा. मागचा. सूं थांबली. क्रांती काही बोलली नाही.

"ह्योच," अण्णा म्हणाले. "ह्योच की! तोटीपाशी चिरलाय बघ."

गणपतरावांनी "शाबास!" म्हणून मांडीवर थाप मारली आणि चहाचा कप परत उचलला. अण्णांनी पाइप काढला, नवा तुकडा बसवला. इंजिन जरा अडखळलं आणि एकसुरात चालू लागलं. सूं कुठंच राहिली नव्हती. क्रांती मात्र जागची हलली नाही. गॅरेजात एक रीत तिच्या हाडीमासी खिळली होती. दोष कुठं आहे कळत नसेल, तर एकच गोष्ट बंद करायची आणि काय बदलतं ते बघायचं.

"अण्णा, त्यो डिस्ट्रिब्यूटरचा पण बघून घ्या," ती म्हणाली.

तो पाइप धडधाकट होता. अण्णांनी तो दाबला आणि वर बघितलं. तिनं मुद्दाम भुवया सैल सोडल्या, सुटकेचा श्वास सोडल्यासारखं केलं.

"ह्योबी गेलाय," अण्णा म्हणाले.

त्यांनी तो उपसला, उजेडात धरला, वाकवून बघितला. परत वाकवला. कुठं केसाएवढीही चीर नव्हती. त्यांची बोटं थांबली. पाइपवरून त्यांची नजर सावकाश तिच्या तोंडावर आली. मग त्यांनी कानातली नळी काढली आणि ती उगीचच हाताभोवती गुंडाळत राहिले.

आपण काय केलं ते क्रांतीच्या ध्यानात आलं. कुणी तरी खाडकन मुस्काटात मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. तिनं हात पुढं करून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं.

"कधीपासनं?" तिनं ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. बाकावर गणपतराव होते.

"लई दिस झालं." अण्णा मात्र हळू बोलले. "आदी भांड्यांचा आवाज गेला. मग फोनची घंटी. मग तू."

"सांगायचं न्हाय व्हय?"

"भैऱ्या मिस्त्रीच्या दारात गाडी कोण लावंल?" त्यांनी काळं बोट स्वतःच्या दोन भुवयांच्या मधोमध टेकवलं. "सूं थांबली की तुझी हितली आठी जाती. ल्हान हुतीस, तवापास्नं. मला तेवढं बास हुतं."

क्रांती फडक्यानं स्वच्छ बोटं पुसत राहिली.

"जा तू शोरूमला," अण्णा म्हणाले. "पगार बरा हाय. रविवारची सुट्टी हाय."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"तूच. पलीकडं नळापाशी हुबं ऱ्हाऊन बोलत हुतीस की. व्हट दिसत हुतं." ते जरासे हसले. "माज्या कानावर जाऊ नये म्हणून एवढ्या लांब गेलतीस."

तिला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अण्णांना घंटी ऐकू आली नाही, पण तिचा चेहरा बघून ते म्हणाले, "त्यांचाच आसंल. उचल."

ती नळाकडं गेली नाही. बॉनेटच्या या बाजूला, अण्णांच्या बरोबर समोर उभी राहिली. सुजलेला गाल दुखत होता, तरी तोंड नीट उघडून एकेक शब्द वेगळा बोलली.

"येते, मॅडम. पण लगेच नाही जमणार. आधी वडिलांच्या कानाला मशीन बसवायचंय. ते झालं की येते."

अण्णांची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही.

"मशीन?" ते असे गरजले की गणपतरावांच्या हातातला चहा सांडला. "म्हातारा झालो व्हय मी? मशीन-बिशीन काय लावणार न्हाय! सांग तिला!"

"कोण बोलतंय तिकडं?" फोनमधून विचारलं.

"वडील आहेत," क्रांती म्हणाली. "ऐकतायत."