शेवटच्या पडद्यावरच्या चार ओळी

शाईचा पॅड जागचा हलता कामा नये. जांभळ्या डागांचा, झाकण तिरकं बसणारा तो पत्र्याचा पॅड दैवशालानं मुद्दाम कागदाच्या तळाशी ठेवला होता — नेमका शेवटच्या चार ओळींवर. खाली चार ओळी आहेत एवढं ठेवताना दिसलंच होतं. वाचायच्या मात्र नव्हत्या, निदान एवढ्यात नाही… आधी वरचं सगळं तपासू, मग बघू, असं शाळेच्या ऑफिसातल्या टेबलाशी बसून ती सकाळपासून स्वतःला सांगत होती, आणि आता मधली सुट्टीसुद्धा होऊन गेली होती.

कागद गंधालीचे, म्हणजे मुलीचे. नववीतली ही पोर मोबाईलवरच्या कुठल्याशा गटात सामील झालेली. कुठकुठली मंडळी जुने टीव्हीवरचे गेम उकरून काढतात, त्यातली जपानी अक्षरं पुसतात आणि तिथे मराठी बसवतात; पगार नाही, काही नाही, नुसती हौस. "मम्मी, तुझं मराठी चांगलंय, फक्त चुका काढून दे. संध्याकाळी पाठवायचंय." नवऱ्याचं म्हणणं, मोबाईल काढून घे तिचा, अभ्यासाचं वर्ष आहे. काढून घे म्हणे! काढून घेतल्यानं काय होतं ते या घरात एकटी मीच पाहिलेलं आहे… पण ते बोलायचं कुणाजवळ? तिनं कागद घेतले, आणि पहिल्याच पानावर, गेममधल्या चित्रात, विहिरीपाशी बसलेली निळ्या पदराची इवलीशी म्हातारी दिसली.

ही म्हातारी तिच्या ओळखीची होती. आष्टीचं घर, दिवाळीची सुट्टी, ती नऊ वर्षांची आणि थोरला भाऊ वसंतादादा सोळाचा. परतूरच्या बाजारातून आणलेली गेमची पिवळी कॅसेट, तिला फुंकर मारून टीव्हीला जोडलेल्या डब्यात बसवायचं काम दैवशालाचं. पडद्यावर अक्षरं उमटायची — मुंग्यांची रांग मोडावी तशी — आणि दादा ती घडाघडा वाचून दाखवायचा.

"तुला येतं हे?"

"येतं म्हंजे? जपानी हाये. शिकून राह्यलो ना मी. गप ऐक, शाले."

आणि ती ऐकायची, तोंडाचा आ करून.

आता त्या अक्षरांचं खरं मराठी समोर होतं. म्हातारी म्हणत होती, 'हे पथिका, उत्तरेकडील गुहेत औषधी वनस्पती आहे.' अगं बाई, पथिका? दादाची म्हातारी तर म्हणायची, "कुठं निघालास रे लेकरा? भाकर खाऊन जा." राजवाड्याचा पहारेकरी कागदावर म्हणत होता, 'प्रवेश निषिद्ध आहे', दादाचा म्हणायचा, "साहेब जेवायला गेलेत, चार वाजता ये." आणि तो शिंगांचा राक्षस, ज्याला बघून ती दादाच्या पाठीमागं लपायची, तो डोळे वटारून ओरडायचा, "माझ्या वावरात पाय कसा ठेवलास?" कागदावरचा राक्षस नुसताच 'हा हा हा' करत होता, मेला.

दादाला जपानी येत नव्हतं हे काय तिला आज कळलं? बारा वर्षांची होईतो कळलंच होतं. पण एका गोष्टीपुरतं तिनं ते कळू दिलं नव्हतं. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी गेम संपला, काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या, आणि एरवी घडाघडा वाचणारा दादा गप्प झाला. कितीतरी वेळ बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या — होतंच, मी पाहिलंय. "काय लिहिलंय रे?" तर म्हणाला, "न्हाई सांगत. मोठी झाल्यावर सांगतो." हे मात्र त्यानं खरंच वाचलं असेल, अशी वेडी आशा… वेडीच, दुसरं काय.

पुढं दादा बारावीला नापास झाला. त्या डबड्यानं पोरगं वाया घालवलं म्हणून अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, अंगणात, गल्लीदेखत, गेमचा वरवंट्यानं चुरा केला आणि वरवंटा टाकून त्याच हातानं दादाच्या मुस्काटात दिली. पहाटे परतूरच्या स्टेशनावरून तो गेला, तो गेलाच. चोवीस वर्षं. घरात नाव काढायचं नाही. आणि तेच अण्णा आता दिवसभर बाजेवर बसून मोबाईलवर रंगीत गोळे फोडत असतात. परवा तर म्हणाले, "शाले, माझी पुढची पायरी उघडून न्हाई राह्यली गं, बघ जरा." तिला हसावं की रडावं कळेना.

"मॅडम, दाखले झाले का? पोरी कव्हाच्या उभ्या हायेत."

दारात शिपाई भारत उभा होता. तिनं दाखले पुढं ओढले, सह्या पाहिल्या. आता शिक्के मारायचे, आणि शिक्क्याला शाई हवी. पॅड उचलावाच लागला.

दाखले घेऊन भारत गेला, तरी ती कागदाकडं बघतच होती. चार ओळी, चार नावं. कथा कुणाची, चित्रं कुणाची, संगीत कुणाचं, आणि चौथं नुसतंच एक नाव, परक्या मुलखातलं. शेजारी गंधालीनं पेन्सिलीनं लिहिलेलं: 'ही नावं आहेत, मम्मी. तशीच ठेव.'

म्हणजे तिथं काहीच नव्हतं. त्या पडद्यावर माझ्यासाठी काही लिहिलेलंच नव्हतं… मग त्यानं इतका वेळ बघितलं ते काय? सांगता सांगता गिळलं ते काय? ते कुठल्या कॅसेटीत नव्हतं, कागदावर येणार नव्हतं. ते वसंताकडंच राहिलं होतं, असलंच तर अजून त्याच्याकडंच असणार.

तिनं हिरवा पेन घेतला. 'हे पथिका' खोडलं. "कुठं निघालास रे लेकरा? भाकर खाऊन जा." पहारेकरी खोडला, राक्षस खोडला. हात भराभर चालला होता, कितीतरी वर्षांत इतकं भराभर तिनं काही लिहिलं नव्हतं, आणि एकही वाक्य आठवावं लागत नव्हतं. गंधालीच्या गटातली मंडळी काय म्हणायची ते म्हणोत. चार नावांपाशी पेन थांबला. तिथं लिहायला तिच्याकडं काहीच नव्हतं.

मोबाईलमध्ये एक नंबर होता. मागच्या वर्षी मंठ्याला एका लग्नात गोजरआत्यानं चिठ्ठी हातात कोंबली होती — "वसंताचाय. अण्णाला सांगू नको." तिनं तो 'आत्या नवीन' म्हणून ठेवला होता आणि एकदाही लावला नव्हता. काय बोलायचं, हाच प्रश्न. कसा आहेस? का गेलास? सगळंच कसं खोटं वाटायचं.

आता नंबर समोर उघडा होता आणि अंगठा त्याच्यावर अधांतरी. बाहेर तासाची घंटा झाली, पोरींचा गलका उठला, आणि त्या गलक्यात आपलाच आवाज तिला ऐकू आला, आष्टीतला, नऊ वर्षांचा —

"दादा, झाले की रे मी मोठी."