नळी की मास्क

केवळाबाईला नवऱ्याच्या पाठीवरच्या गाठीपेक्षा त्याच्या घशाचाच घोर लागला होता. येडबाचा आवाज अख्ख्या पोखर्णीच्या माळाला ठाऊक. त्यानं हाळी दिली की चुकार शेळीसुद्धा चरणं सोडून मागं फिरायची. आणि भूल देणाऱ्या डॉक्टर रुख्मिणीबाई म्हणाल्या, श्वासासाठी घशातून नळी घालावी लागेल, आवाज दोन-चार दिवस बसेल. केवळाबाईनं तिथंच हात जोडले.

"नळी नगं वं बाई. दुसरं काई न्हाई का?"

दुसरं होतं. परभणीत नुकताच आलेला रबरी मास्क. बाईंनी दोन्ही वस्तू तिला दाखवल्या. नळी थेट श्वासनळीत शिरते, मास्क वरच्यावर घशात बसतो, फारसं दुखत नाही.

"पण मास्क घालायचा तर माणूस उपाशी आणा," बाईंनी बजावलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद पडून ऑपरेशन दोनदा हुकलं होतं. आज एकदाचा येडबा आत गेला. दारात बाईंनी विचारलं, "काही खाल्लं-प्यालं?" "न्हाई," येडबा म्हणाला. केवळाबाईनंही मान हलवली. तिनं त्याला भाकरीला हात लावू दिला नव्हता. फक्त दवाखान्याच्या पायरीवर किटलीतलं दूध पाजलं होतं. शेळ्या राखणाऱ्या घरात दूध कोण खाण्यात धरतं? आणि धडधाकट माणूस कोरड्या तोंडानं सुरीखाली धाडायचा तरी कसा?

दार लागलं. फरशी पुसणाऱ्या सरजाबाईला तिनं सहज विचारलं, "उपाशी कामून ठिवतेत वं?"

"भुलीत पोटातलं वर येतंय. नळी असली की अडतंय. ह्यो नवा मास्क अडवीत न्हाई म्हणं. छातीत गेलं की माणूस गुदमरतंय."

"आन् दूध?"

"दूध तर लय वंगाळ."

केवळाबाई दाराकडं धावली. मास्कसाठी हट्ट तिचा, दूधही तिच्याच हातचं. बाई काय बोलतील, ऑपरेशन पुन्हा राहील, सगळं मनात आलं नि गेलं. तिनं दार ढकललं. बाईंची सुई येडबाच्या दंडाशी पोचली होती.

"थांबा! म्या दूध पाजलंय त्यास्नी!"

बाईंनी सुई ठेवली आणि त्या येडबावरच भडकल्या. "तुम्हाला मी वेगळं सांगितलं होतं ना, पाण्याचा थेंबही नाही म्हणून? आजचं ऑपरेशन रद्द. उद्या नळीच घालणार. तुमच्या शब्दावर मास्क नाही."

"घाला. आवाज गेला तरी जाऊ द्या," केवळाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "तुमाला ठावं व्हतं? मंग पेलात कामून?"

"तू एवढ्या मायेनं आणलंस. नगं म्हणवंना."

"आन् बाईस्नी खोटं कामून बोललात?"

येडबा छताकडं बघत पुटपुटला, "खरं सांगितलं असतं तर तुला चारचौघांत बोलल्या असत्या."

केवळाबाईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि त्याच चारचौघांत हंबरडा फोडला.