शेवटची दहा मिनिटं

मी इथून बोलतेय, माळ्यावरून. पुठ्ठ्याच्या खोक्यात वरून तिसरी, ती मी. मल्लेश्वरमच्या खंडोजीच्या लायब्ररीतली व्हिडिओ कॅसेट. पोटात सिनेमा सगळा इंग्रजी, पण मला कळतं मराठी आणि स्वल्प कन्नड. तेव्हा माझ्या बोलण्यात खोट काढू नका.

माझा सिनेमा एवढाच: बर्फाच्या ग्रहावर एक माणूस एकटा मागे राहतो. टाकीत नऊ दिवसांची हवा. यान येतं अकराव्या दिवशी.

खंडोजीला इंग्रजीचा गंध नाही. गिऱ्हाईक कॅसेट परत करायला आलं, की तो पेन पुढे करायचा. "लिहा सर, डावीकडे गुण, उजवीकडे दोष." कागद माझ्या डब्यातच चिकटवलेला, मुलीची पत्रिका असावी तसा. तो वाचून खंडोजी पुढच्या गिऱ्हाइकाला मला खपवायचा. कोणी गुणांत लिहिलं, 'त्याचा श्वास ऐकून आपलाच जीव घुसमटतो.' कोणी दोषांत, 'राक्षस गादीच्या फोमचा, शिवण दिसते.' एकाने दोषांत लिहिलं, 'हिरॉइन नाही.' दुसऱ्याने तेच गुणांत लिहिलं!

आणि मी भारी द्वाड. ऐन मोक्याला मशीनमध्ये फीत गुंतवायची. मोठमोठे साहेब गुडघ्यावर येऊन मशीनला चापट्या मारायचे, पेन्सिलीने मला गुंडाळायचे. हसून हसून माझी चाकं दुखायची.

चौऱ्याण्णव साली मधुकर आले. पुण्याचे, विमान कारखान्यात इंजिनिअर. बायको वासंती. तिला इंग्रजी पोचायचं नाही, म्हणून हे शेजारी बसून मराठीत सांगत, आणि मध्येच चुकाही काढत.

"हवा नाही तिथे आवाज कसा येईल?"

"अहो, तो मरायला टेकलाय आणि तुम्ही पेपर कसले तपासताय!"

परत करताना त्यांनी दोषांत ठसठशीत लिहिलं: 'शेवट खोटा. नऊ दिवसांच्या हवेत माणूस अकरा दिवस जगत नाही.'

शेजारून वासंती म्हणाली, "जगला तर तुमचं काय जातं?"

तीन वर्षांनी ते एकटेच आले. म्हणाले, "तीच बर्फाची कॅसेट द्या. तिला बघायचीय." वासंतीची फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी आठवडे सांगितले होते.

रविवारची दुपार. पलंगाशेजारी सिलिंडर. पडद्यावर त्याचा श्वास, खोलीत तिचा. कुठला कोणाचा, मलाच कळेना. त्या दिवशी मी शपथ घेतली, आज खोडी नाही. अंग आवळून सरळ चालत राहिले. पण खोड्या करून करून शेवटची फीत चुरगळली होती, आणि बर्फावर दूर एक दिवा दिसला तोच मी गुंतले. पडदा निळा झाला.

"अडकली का हो? मग आता तो...?"

मशीनकडे हात गेला होता, तो मधुकरांनी मागे घेतला. नेहमीसारखे तिच्या शेजारी बसले आणि निळ्या पडद्याकडे बघत सांगू लागले. "दिवा मोठा होतोय. यान उतरलं. बर्फ उडतंय. त्याला आत घेतलं बघ."

"अकराव्या दिवशी?"

"अकराव्या."

"तुम्ही तर म्हणाला होतात, असं होत नाही."

"चुकलं माझं."

ती हसली. "राक्षस नाही ना आला परत?"

"नाही. त्याची शिवण उसवली."

आठवड्याने मधुकर मला परत घेऊन आले. खंडोजीने विचारलं, "अक्का कशा आहेत, सर?" त्यांनी पेन मागितलं. दोषांतली आपली ओळ खोडली आणि गुणांत लिहिलं: 'शेवट.'

त्यानंतर मी कोणाला दिली गेले नाही. मग सीडी आल्या, आणि मी माळ्यावर आले. अंगाला बुरशी लागलीय.

कधी हाती लागलेच, तर मला मशीनमध्ये घालू नका. माझ्या शेवटाला आता निळ्या पडद्यापलीकडे काही नाही. राजांनो, मी पुष्कळांना छळलं आणि एकाचीही माफी मागितली नाही. पण त्या दुपारी मी मुद्दाम गुंतले नव्हते. मधुकर भेटले तर एवढं सांगा.