पुसलेला गाल

चित्र काढताना मी काहीही पुसत नाही. हा माझा धर्म आहे म्हणा ना. चुकीची रेघ आली तर ती तिथेच राहणार, पुढच्या रेघेने तिच्याशी भांडून आपली जागा करायची. शिकायला येणाऱ्यांच्या डोक्यात मी हे इतकं भरवलंय, की माझ्यासमोर फडक्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

आणि आई म्हणजे जन्मभर पुसत आलेली बाई. ओटा, टेबल, काचा, आम्हा भावंडांची नाकं.

तिचं चित्र मी महिनाभर काढत होते आणि ते महिनाभर बिघडत होतं. आज संध्याकाळी दादा तिला कायमचं आपल्या घरी न्यायला येणार होता, इथून खूप लांब. चित्र आज झालं नाही तर पुढे आठवणीतूनच काढावं लागणार, आणि आठवणीतून मला साधा चहाचा कपही धड जमत नाही.

सकाळपासून तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? त्या चौकटीवर धूळ बघ किती."

"आई."

"बरं बाई, बसले."

ती बसली, की चेहऱ्यावरचं सगळंच निघून जायचं. कॅनव्हासवर नाक तिचं, हनुवटी तिची, आणि बाई मात्र दवाखान्यात नंबर लावून बसलेली कुणीतरी. माझं डोकं तापलं. ब्रश आपटला आणि तोंडावर पाणी मारायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर आई चित्रासमोर उभी. रुमालाचं टोक तिने जिभेला लावून ओलं केलं होतं आणि चित्रातल्या गालावरची हिरवट सावली ती खसाखसा पुसत होती.

"अगं, काय करतेस हे?"

"गालाला काहीतरी लागलं होतं गं."

मी ओरडायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. ओला रंग पार कानापर्यंत ओढला गेला होता. गाल, कानशील, केसांची बट, सगळं एकाच दिशेला निघालं होतं. चित्रातली आई उठत होती. धुळीकडे निघाली होती.

"आई, ती चौकट पूस."

"आता?"

"आत्ताच. खुर्ची पूस, कपाट पूस, दिसेल ते पूस."

तिला काय, रानच मोकळं मिळालं. ती कामाला लागली आणि मीही, एका हातात ब्रश, दुसऱ्यात फडकं. लावायचं की पुसायचं, लावायचं की पुसायचं. इतकी वर्षं मला वाटायचं मी चुका जपते. कसलं काय, पहिल्यांदा जे दिसलं तेच मी कवटाळून बसत होते. लावलेला रंग मला काय दिसलं ते सांगतो, पुसलेला रंग ते हातातून कसं निसटलं ते सांगतो, आणि दोन्ही असल्याशिवाय माणूस जिवंत होत नाही. हे कुणाला तरी गदागदा हलवून सांगावंसं वाटत होतं. पण थांबायला वेळ कुणाला होता?

खाली दादाच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मी ब्रश ठेवला. आई हात झटकत चित्रापाशी आली.

"यात मी बसलेय कुठे?"

"नाहीच बसलेली."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हा काय अवतार केलायस?"

रुमालाचं टोक जिभेला लागलं. लहानपणी एवढं दिसलं की मी घरभर पळत सुटायचे. आज खाली वाकून गाल पुढे केला. तिने तो घासून घासून पुसला.

दुसऱ्या गालाला काहीच लागलेलं नव्हतं. तरी मी तोही पुढे केला, आणि तिने तोही पुसला.