लिन्सीच्या बोटांमधला रबरबँड

मित्रांनो, मी एक जुना रबरबँड आहे आणि जन्मापासून भित्रा आहे. कोट्टयमजवळच्या झाडांच्या चिकातून मी घडलो. कारखान्यातून बाहेर पडताच कोणीतरी मला ताणून पाहिले. तेव्हापासून मनात एकच धास्ती बसली, की आता आपण तुटणार.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सना इंग्रजी शिकवणाऱ्या त्रेस्याम्मा टीचरनी मला विकत घेतले. शब्दात जिथे जोर असेल तिथे त्या मला ताणत, जोर नसेल तिथे सैल सोडत. केळ्याचा 'बनाना' उच्चारताना मधल्या 'ना'वर मी लांब व्हायचो. कडेच्या दोन्ही स्वरांना नुसता श्वास पुरायचा.

मग मी लिन्सीच्या हाती आलो. बोलण्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा तसे झाले तर आयर्लंडची नोकरी हातची जाणार होती. घाबरून ती प्रत्येक अक्षरावर मला सारखेच खेचू लागली. माझे अंग चरचरले. मी देवाचा धावा करू लागलो.

"सैल सोड, मोळे," टीचर लेकीला म्हणावे तशा म्हणाल्या.

"कशी सोडू, टीचर? शाळेत एक अक्षर खाल्लं तरी मास्तर छडी काढायचे. अजून हात मागे जातो."

टीचरनी तिचा हात धरला. "इथे कोणी मारत नाही. सगळ्याच अक्षरांना पानभर वाढलंस, तर ऐकणाऱ्याला अपचन होईल. कडेच्यांना चवीपुरतं वाढ."

लिन्सी हसली आणि तिची बोटे सैल झाली. माझा जीव भांड्यात पडला.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या मनगटावर होतो. दारातल्या बाईंनी घड्याळाबरोबर मलाही टोपलीत काढून ठेवायला लावले. लिन्सीचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्यावाचून तिचे कसे होणार, या काळजीने मी अर्धमेला झालो.

बाहेर येताच ती दाराशी थांबलेल्या आईच्या गळ्यात पडली. "अम्मच्ची, हात रिकामे होते गं. तरी बोटं आपोआप ताणत होती नि सोडत होती."

ती पास झाली. आयर्लंडला जाताना तिने मला टीचरच्या टेबलाच्या खणात ठेवले.

आता वर्गात उच्चार शिकवणारा मोठा डिजिटल पडदा आला आहे. मला कोणी हात लावत नाही. अंग वाळून तडे गेले आहेत. मित्रांनो, तुटण्याची भीती केव्हाच गेली, पण या अंधारात नुसते पडून सुकण्याची फार वाटते. कधी खण उघडलात तर मला उचला, हलक्या हाताने ताणा आणि सोडायला विसरू नका. तुटलोच, तर कुणाच्या तरी शब्दावर तुटू द्या.