आगासाहेबांची धून

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केली, दोनदा पुसली. एक तर ती माझी नाही, सुधन्वाची आहे. दुसरं म्हणजे यात कोणीच चांगलं ठरत नाही. वाचून झाल्यावर तुम्ही म्हणाल, यार, मग सांगितलीस कशाला? पण सुधन्वाच म्हणाला, लिही, आणि माझं नाव बदलू नकोस. म्हणून लिहितोय. लिहायचं मला कोणी शिकवलेलं नाही. जशी ऐकली तशी सांगतो.

सत्त्याण्णव साल. सुधन्वा बावीस वर्षांचा. घर दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, वडील गुणवंतराव मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. बी.कॉम.चे दोन पेपर राहिलेले, ते राहिलेलेच. कीबोर्ड त्याचा तोच शिकला होता, रेडिओ लावायचा आणि बोटांनी सूर शोधत बसायचा. एकदा ऐकलेली धून त्याच्या हातून सुटायची नाही. शब्द मात्र एक लक्षात राहील तर शपथ.

"गणपतीच्या आरतीतसुद्धा नुसता आऽ आऽ करतोस," त्याच्या आई, अहिल्याबाई, म्हणायच्या. "गाण्यात शब्द असतात, हे कोणी तुला सांगितलं की नाही?"

"धून चांगली असली की झालं, आई."

तेच तर झालं ना.

लाजपत नगरच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात तो कीबोर्डच्या दबलेल्या पट्ट्या ठीक करून घेत होता. ठीक झाल्यावर वाजवून बघितला. मागे एक उंच म्हातारा उभा राहून ऐकत होता. अंगावर कोणाचा तरी जुना ओव्हरकोट, दाढी मात्र गुळगुळीत केलेली.

"अफगाण लग्नात वाजवशील?" त्याने विचारलं. "आमचा वाजवणारा जर्मनीला पळाला."

हा मीर आगा. त्याचं हिंदी सगळं सिनेमे बघून आलेलं होतं, मी त्याचं बोलणं मराठीतच सांगतो. काबूलच्या रेडिओवरचा गायक. वीस वर्षांपूर्वी तिथे टॅक्सीत बसा, हमामात आंघोळीला जा, लग्नाला जा, याचाच आवाज. आता तिथे जे राज्यावर आले होते त्यांनी गाणं बंद केलं होतं. कॅसेटच्या फिती उपसून झाडांना टांगायचे म्हणे. म्हणजे परत जायचा प्रश्नच नाही. लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर इथे पळून आलेल्या अफगाण लोकांची लग्नं, तेवढीच त्याच्या गळ्याला उरलेली जागा.

"इथली लग्नं बंद झाली की मी बंद झालो, बचेम," तो हसत म्हणायचा. बचेम म्हणजे पोरा.

सुधन्वा त्याला उस्ताद म्हणायला गेला तर त्याने हात वर केला. "उस्ताद तिकडे मेले. दोस्त म्हण."

दोस्त काही तोंडातून निघेना. मग आगासाहेब ठरलं. पण दोस्ती झाली. आगासाहेब पेटी घेऊन बसायचा, सुधन्वा शेजारी कीबोर्डवर. सगळं बोटाच्या इशाऱ्यावर. एक बोट वर केलं की पुढे, मूठ केली की थांब. सात-आठ लग्नं त्यांनी अशीच काढली.

भोगलमध्ये सुकामेव्याचं दुकान होतं, काबूलहून आलेल्या एका सरदारजींचं. त्यांच्याकडे सुधन्वाला आगासाहेबाची जुनी कॅसेट सापडली. वर नाव नाही, काही नाही.

"ले जा," सरदारजी म्हणाले. "हमारे यहाँ इसे कोई नहीं सुनता."

का नाही सुनता, हे याने विचारलं नाही.

कॅसेटमधलं शेवटचं गाणं ऐकून सुधन्वा वेडा झाला. चार सूर पायरी चढल्यासारखे वर जातात, वर जरा थांबतात, आणि मग सगळे मिळून खाली येतात. एका दुपारीत त्याच्या बोटांत बसलं. आगासाहेब हे कधीच कसं गात नाही? विसरला असणार बिचारा. सुधन्वाने ठरवलं, पुढच्या लग्नात सांगायचं नाही, एकदम वाजवायचं. बघू म्हातारा कसा खुलतो.

लग्न भोगलच्याच एका हॉलमध्ये होतं, डिसेंबरातल्या रविवारी दुपारी. जेवणं चालली होती, मधे पोरं गोल करून नाचत होती. एक गाणं संपलं. आगासाहेबाने पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात सुधन्वाने ते चार सूर वाजवले आणि दात काढून त्याच्याकडे बघितलं.

आगासाहेबाचा ग्लास हातातच राहिला.

नाचणारी पोरं गोंधळली, त्यांना काही कळेना. पण त्यांच्या आया, मावश्या, काके, जे कोणी चाळिशीच्या वरचे होते ते सगळे जिथे होते तिथे गप्प. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग एक म्हातारी उठली. तिला सगळे बीबीजान म्हणायचे, नवरीच्या बापाची मोठी बहीण. तिने आपली खुर्ची स्वतः ओढत आणली, स्टेजसमोर ठेवली आणि बसली.

"बख्वान," ती म्हणाली.

हा एक शब्द सुधन्वाला येत होता. लग्नात दहा वेळा ऐकलेला. गा.

आगासाहेबाने मान हलवली, नको. ती पुढे काहीतरी बोलली, हळूच. नंतर आगासाहेबाने सांगितलं, ती म्हणाली होती, पूर्ण गा. तेव्हा पूर्ण गायला होतास.

आगासाहेबाने सुधन्वाकडे बोट वर केलं. वाजव.

आणि गायला. तिच्याकडे बघत, एक ओळ न गाळता. गळा म्हातारा झाला होता, पण त्या वरच्या सुरावर तो तसाच थांबला, कॅसेटमध्ये थांबतो तसा. बीबीजान मांडीवर हात ठेवून ऐकत होती, शाळेतली बाई पाठांतर ऐकते तशी. संपल्यावर उठली, खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि आपलं ताट पुढे ओढलं.

नवरीच्या बापाने पेटी स्वतः उचलून खोक्यात घातली, झाकण लावलं आणि खोकं दाराबाहेर ठेवलं. निघा म्हणायचीही गरज पडली नाही.

बाहेर टपरीवर सुधन्वाने दोन चहा सांगितले. "आगासाहेब, माझी चूक झाली. मला शब्द माहीत नव्हते."

"शब्दांत काही नाही. झेंडा, सकाळ, मजूर, बस."

"मग?"

आगासाहेबाने बशीत चहा ओतला. "अठ्ठ्याहत्तर साली इन्कलाब आला. इन्कलाब आधी रेडिओ स्टेशन घेतो आणि मग त्याला गाणारा लागतो. माझ्याआधी एकाला विचारलं होतं. माझ्यापेक्षा चांगला होता. तो नाही म्हणाला. मग तो दिसला नाही."

"म्हणजे तुम्हाला धमकी दिली."

"नाही."

"पिस्तूल दाखवलं असेल."

"गाडी पाठवली. काळी, रशियन, कोरी. माझी आई गच्चीवर उभी होती, शेजारी बघत होते. मी बसलो."

"पण नाही म्हणाला असतात तर तुम्हालाही..."

"असेल. मी ते विचारायला थांबलोच नाही. धून माझीच होती, बचेम. आजवरची सगळ्यात चांगली धून. चौकाचौकात भोंगे लावले होते, त्यावर हेच. ज्या गल्लीतून माणसं उचलायची असतील तिथे भोंगा मोठा करायचे, बायकांचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. बीबीजानचे दोन्ही मुलगे याच गाण्यावर नेले." त्याने बशी तोंडाला लावली. "दिल्लीत तिने मला ओळखलं होतं. पण मी ते गात नव्हतो आणि ती काही बोलत नव्हती. चाललं होतं आमचं."

त्यानंतर आगासाहेबाला एका लग्नाचं बोलावणं आलं नाही. तोंडावर कोणी अपमान केला नाही, फक्त दुसरा गाणारा बघितला. पेटी खाटेखाली गेली. त्याच सरदारजींच्या दुकानात मागे बसून तो अक्रोड फोडायला लागला. सुधन्वा भेटायला जायचा तेव्हा दोघं गाण्यावर बोलायचे नाहीत. आगासाहेब पूर्वी उगाच गुणगुणायचा, तेही गेलं. संपलं ते.

सुधन्वाचं मात्र सुरू झालं. फरीदाबादला मनचंदाजींचा स्टुडिओ होता, तळघरात, जाहिरातींची गाणी करायचा. फ्रिज, कूलर, पापड, आणि आता सगळ्यात जास्त बिल्डर. शेतं संपून जिथे तिथे सेक्टर उभे राहत होते, आणि प्रत्येक सेक्टरला गाणं हवं होतं. सुधन्वा तिथे कीबोर्ड वाजवायला लागला.

एकदा फ्लॅटच्या स्कीमचं गाणं काही जमत नव्हतं. मनचंदाजी फोनवर गेले. रिकाम्या वेळात सुधन्वाची बोटं आपोआप तिकडे गेली. चार सूर वर, थोडं थांबणं, आणि खाली.

मनचंदाजींनी फोन खाली ठेवला. "ये क्या था?"

"कुछ नहीं जी. पुरानी चीज़ है."

"किसकी?"

"काबूल के एक सिंगर की."

"तो काबूल से वकील आएगा? फरीदाबाद?" मनचंदाजी पोट धरून हसले. "ये दे दे मुझे. ये बिकेगी."

सुधन्वाने तोंड उघडलं होतं, हे खरं. नाही जी, एवढंच म्हणायचं होतं. पण मनचंदाजींनी तोवर पोराला घरी सोडायला ड्रायव्हरला हाक मारली. "मुंडे नूं घर छड्ड आ. और वो नया कीबोर्ड डिक्की में रख दे, इसी का है अब."

गाडी निळी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

लक्ष्मीबाई नगरात गाडी वळली तेव्हा अहिल्याबाई बाल्कनीत कपडे काढत होत्या. "अहो, बाहेर या! बघा, कोण सोडायला आलंय!" गुणवंतराव बनियनवर बाहेर आले. समोरच्या ब्लॉकमधले पण आले. जन्मात पहिल्यांदा वडिलांनी त्याचा कीबोर्ड जिन्यातून वर आणायला हात लावला.

"पेटीवाल्याचे दिवस आले म्हणायचे," ते म्हणाले. टोमणाच होता, पण हसून मारलेला.

गाणं झालं. चाबी ले लो, चाबी ले लो, अपने घर की चाबी ले लो. महिनाभरात केबलवर, रेडिओवर, सरोजिनी नगरच्या बाजारात, पोरांच्या तोंडी. आगासाहेबाला सुधन्वाने सांगितलं नाही. तोही काही बोलला नाही. अक्रोडच्या दुकानात रेडिओ नव्हता, यावर सुधन्वा विसंबला होता.

मार्चमध्ये बिल्डरने ट्रक काढला. उघडा ट्रक, चारी बाजूंना भोंगे, वर ऑर्केस्ट्रा, कडेने पिवळ्या टी-शर्टातल्या मुली पुठ्ठ्याच्या मोठ्या चाव्या वाटत चालल्या होत्या. रविवार होता. "जंगपुरा, भोगल, लाजपत नगर," मनचंदाजींनी केबिनमधूनच सांगितलं. "सारे किरायेदार यहीं बैठे हैं."

भोगलच्या एका गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला. भोंगे मोठे केले. सुधन्वाने ते चार सूर वाजवले आणि मान वर केली, तर समोरच्या जिन्यातून बीबीजान खाली येत होती.

पायात एकच चप्पल. एका हाताने भिंत धरलेली. ती फुटपाथवर आली आणि थांबली. भोंग्यांकडे बघितलं. मग ट्रकवर नजर फिरवली आणि याच्यापाशी येऊन थांबली. ओळखलं.

थांबता आलं असतं. वायर ओढायची, करंट गेला म्हणायचं. कोण बघणार होतं? पण पन्नास-साठ लोक टाळ्या वाजवत होते, पोरं नाचत होती, आणि केबिनमधून मनचंदाजींचा हात बाहेर आला. तेज़, और तेज़. सुधन्वाने लय वाढवली.

पिवळ्या टी-शर्टातली एक मुलगी बीबीजानपाशी गेली. "लो अम्मा, अपने घर की चाबी!" आणि ती पुठ्ठ्याची चावी तिच्या हातात कोंबली.

बीबीजानने ती घेतली. उलटी करून बघितली. गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली, मांडीवर ठेवायची तसे हात पोटावर ठेवून. पूर्ण ऐकलं. मग चावी घेऊन जिना चढून गेली.

ट्रक पुढे गेला तेव्हा सुधन्वा उतरला होता. मनचंदाजींना पोट बिघडलं म्हणाला. सरळ सरदारजींच्या दुकानामागे गेला. आगासाहेब अक्रोड फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "ऐकू आलं इथपर्यंत."

सुधन्वा पोत्यावर बसला.

"ती खाली आली?"

"आली."

"आणि तू?"

"वाजवलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

आगासाहेबाने एक अक्रोड फोडला. सडका निघाला, बाजूला टाकला. "वाजवताना काय विचार करत होतास?"

सुधन्वाने तो सडका अक्रोड उचलून हातात फिरवला. मग खरं ते म्हणाला. "की वरचा सूर चुकू नये."

"हं. मी पण." मग पुढचा अक्रोड घेत, "धमकी दिली कोणी?"

"नाही."

"गाडी आली होती?"

सुधन्वाने मान खाली घातली. आगासाहेब हसायला लागला. असा हसला की खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. "रंग कोणता?"

"निळा."

"तुला तर नाही म्हटल्यावर कोणी मारणारही नव्हतं, बचेम," तो डोळे पुसत म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर सुधन्वाला जरा हलकं वाटलं असतं.

"आगासाहेब, मी तिच्याकडे जाऊन माफी मागतो. सांगतो, मनचंदाजींनी..."

आगासाहेबाने मूठ वर केली. थांब.

"माफी मागायला जाऊ नकोस. ते आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं. पण एक दिवस ती बोलावेल तुला. ती नाही तर तिच्या घरचं कोणी. समोर खुर्ची टाकेल आणि म्हणेल, वाजव. तेव्हा जायचं आणि पूर्ण वाजवायचं. कोणी का वाजवलंस विचारलं तर मजबूरी होती म्हणायचं नाही. मनचंदाचं नाव नाही, माझं नाही, शब्द माहीत नव्हते हे तर नाहीच. मी वाजवलं, एवढंच. दोस्त म्हणून वचन मागतोय. देतोस?"

"देतो," सुधन्वा म्हणाला. आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द निघाला. "दोस्त, मजबूरी होती असं मी कधी म्हणणार नाही. कोणालाच नाही."